भोजलीची खुर्ची

त्यांचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही विचाराल, आग्रह कराल, तरी नाही. कारण आहे आणि ते ओघात कळेलच, पण मध्ये मध्ये टोकायचं नाही, एवढी माझी अट. आमच्या ब्लॉकमध्ये सगळे त्यांना काकू म्हणायचे. स्टील प्लांटमधले जुने लोक एक्सचेंजवाल्या मॅडम म्हणायचे, वरच्या मजल्यावरची बंगाली बौदी, म्हणजे वहिनी, त्यांना दीदी म्हणायची, आणि त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर ‘आई, प्लीज’ म्हणायचा. हे ‘प्लीज’ इतक्यांदा यायचं, की मला वाटायचं ते आडनावच आहे.

माझं माहेर वर्ध्याचं. लग्न होऊन भिलाईला सेक्टर सहामध्ये आले, तेव्हा या गावात मी कोणाला ओळखत नव्हते. नवऱ्याची शिफ्ट सारखी बदलायची. माझ्या जाऊबाई स्मृती नगरला, पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे साडी बदलून, आधी कळवून. पहिल्याच आठवड्यात विरजण संपलं म्हणून समोरचं दार वाजवलं, तर आतून आवाज आला, ‘‘हां, बोला.’’ दार काही उघडलं नाही. मी बंद दाराला सांगितलं की मी समोरची, नवीन आली आहे, विरजण पाहिजे होतं. आतून ‘‘होल्ड करा’’ असं ऐकू आलं. थोड्या वेळानं दार फटीएवढं उघडलं, त्यातून एक हात बाहेर आला, हातात वाटी. ‘‘ठेवते,’’ म्हणून दार बंद. चेहरा मला दुसऱ्या दिवशी दिसला, आणि तो आवाजापेक्षा बराच प्रेमळ निघाला.

त्यांची सगळी नोकरी प्लांटच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. कानाला हेडसेट लावून भट्टीला हॉस्पिटल जोडून दे, साहेबाला त्याची बायको जोडून दे, बायकोला साहेब जागेवर नाहीत म्हणून सांग, असं आयुष्यभर. एक्सचेंज गेलं, त्या निवृत्त झाल्या, पण जिभेवरून एक्सचेंज उतरलं नाही. निघताना ‘येते’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत, ‘ठेवते’ म्हणायच्या. कंटाळा आला की ‘लाइन बिझी आहे’ म्हणून स्वयंपाकघरात निघून जायच्या, पाहुणा कोणी का असेना. हॉलमध्ये विणलेल्या रुमालावर जुना काळा फोन होता, वायर नसलेला. एक्सचेंजचं भंगार निघालं तेव्हा रीतसर अर्ज करून त्यांनी तो मागून आणला होता. रोज पुसायच्या.

तर अशा या काकू एकदा महिनाभर पुण्याला मुलाकडे राहून आल्या आणि येताना ‘ब्रंच’ हा शब्द घेऊन आल्या. सुनेनं घरी मैत्रिणी बोलावल्या होत्या. सगळ्या गुलाबी कपड्यांत, केक गुलाबी, फुगे गुलाबी, आणि मैत्री साजरी करायची म्हणून सगळ्या एकमेकींचे फोटो काढत होत्या. काकू कोपऱ्यात बसून पाहत होत्या. परत आल्याबरोबर त्यांनी मला आणि बौदीला बोलावून घेतलं.

‘‘नाश्ता अन् जेवणाच्या मधात जे खातात, त्याले ब्रंच म्हणतात म्हणे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी सुनेले म्हटलं, बाई, हे तं बी शिफ्टचं जेवण आहे. आम्ही जनमभर हेच करून राहिलो.’’

खोटं नव्हतं ते. बी शिफ्ट दुपारी दोनची. त्या आठवड्यात सेक्टरमधल्या घराघरांत अकरा-साडेअकराला पूर्ण स्वयंपाक तयार असतो, माणूस जेवून सायकल नाही तर स्कूटर काढतो आणि निघतो. फरक एवढाच, म्हणाल्या, की आजवर आपण दुसऱ्याला वाढत आलो, आता आपण आपल्याला वाढू.

झालं. काकूंचे ब्रंच सुरू झाले. दर वेळी त्यांची एक ‘थीम’ असायची, आणि ती सुनेच्या गुलाबी थीमसारखी नसायची. पहिली थीम होती, जी साडी नेसायची लाज वाटते ती नेसून या. बौदी पोपटांची नायलॉन साडी नेसून आली, नवऱ्यानं हौसेनं आणलेली, इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी दाबून ठेवलेली. मी माझ्या आत्यासासूंनी दिलेली जांभळी, चमकीची नेसले आणि जिन्यातून धावत समोरच्या घरात शिरले. दुसऱ्यांदा, जो पदार्थ आपल्याला आजवर जमला नाही तो करून आणा. त्या दिवशी आम्ही जे खाल्लं ते सांगण्यासारखं नाही, पण इतक्या हसलो, की खालच्या घरातून कोणीतरी वर बघायला आलं.

आणि एक नियम होता. नवरा, मुलांचे टक्के आणि सासू, हे तीन विषय बंद. कोणी तिकडे वळलं, की काकू शांतपणे तो काळा फोन उचलायच्या आणि त्यात म्हणायच्या, ‘‘रॉंग नंबर.’’ पहिल्या ब्रंचला तर अर्धा वेळ आम्ही गप्पच बसलो. हे तीन विषय काढून घेतले तर बोलायला काही शिल्लकच नव्हतं ना. मग बौदीनं सांगितलं की लहानपणी पैज लावून ती अख्खा तलाव पोहून गेली होती आणि घरी मार खाल्ला होता. मग मी सांगितलं की मी कॉलेजात कबड्डी खेळायची, जिल्ह्याच्या टीममध्ये होते. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी मला भिलाईत पहिल्यांदा बरं वाटलं.

आता खुर्चीचं सांगते. खिडकीजवळ वेताची एक खुर्ची होती आणि ब्रंचच्या दिवशी तिच्यासमोर पहिलं ताट वाढलं जायचं. आमच्याही आधी. त्यात दुसरं काही असो-नसो, सांबारवड्या असायच्याच. कोथिंबिरीचं भरगच्च सारण घातलेल्या, तळून लालसर झालेल्या. त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. एकदा शेजारच्या ब्लॉकमधली एक नवी साहेबीण बसायला लागली तर काकूंनी तिला अस्सल एक्सचेंजच्या आवाजात सांगितलं, ‘‘मॅडम, ही लाइन राखीव आहे.’’ बिचारी अर्धवट बसलेली तशीच उठली. आम्ही सगळ्या गेल्यावर ते ताट काकू स्वतः खायच्या. मी एकदा डबा विसरले म्हणून परत गेले, तर त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या उभ्या गार वड्या खात होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘‘वाया कावून घालवाचं?’’ मी काही विचारलं नाही. विचारलं बौदीला.

बौदी त्या ब्लॉकमध्ये फार जुनी. तिनं सांगितलं की ती खुर्ची दीदींच्या भोजलीची.

हे भोजली प्रकरण मलाही नवं होतं. काकूंचं माहेर गोंदियाकडचं. त्यांच्याकडे श्रावणात भुजल्या पेरतात, टोपलीत गहू, अंधाऱ्या खोलीत. उन्हाशिवाय वाढतात म्हणून रोपं पिवळीधमक होतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यात शिरवायची, म्हणजे बुडवून काढायची, आणि मग चार-चार काड्या सगळ्यांना वाटायच्या, कानामागं खोसायच्या. द्या, घ्या, थोरांच्या पाया पडा, संपलं. तिळगूळ वाटतात तसं. इथं छत्तीसगडमध्ये सगळं तसंच, फक्त एक गोष्ट वेगळी. इथं एका बाईनं दुसरीच्या कानामागं भोजली खोसली आणि दुसरीनं ती घेऊन उलट तिच्या कानामागं खोसली, की दोघी जन्माच्या सख्या झाल्या. मग एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, कधीच नाही. हाक मारायची ती ‘भोजली’ म्हणून. भेटल्यावर ‘सीताराम भोजली’ म्हणायचं. घरं एक होतात, एकीची मुलं दुसरीला फूलदाई म्हणतात, सोयर-सुतकसुद्धा पाळतात म्हणे.

काकूंना हे कोण सांगणार? नवी नवरी, पहिला श्रावण, माहेरची आठवण येत होती म्हणून सेक्टरमागच्या तळ्यावर गर्दी पाहून गेल्या. कोणीतरी हातात भोजलीच्या काड्या दिल्या. शेजारी एक बारीकशी, त्यांच्याच वयाची बाई उभी होती, तिच्या कानामागं काकूंनी त्या सवयीनं खोसून दिल्या. ती बाई बघतच राहिली. मग हळूच आपल्या टोपलीतल्या काड्या काढून तिनं त्या काकूंच्या कानामागं लावल्या आणि म्हणाली, सीताराम भोजली. काकू सीताराम म्हणून घरी येऊन भाकरी थापायला बसल्या.

संध्याकाळी ती बाई दारात. सोबत नवरा, सासू, नारळ, लुगडं आणि टोपलीभर ठेठरी-खुरमी, इकडचा सणाचा तळलेला फराळ. ती त्याच ब्लॉकमध्ये, दोन दारं सोडून राहत होती. काकूंच्या सासूबाईंना कळेना की हे लोक कशाची सोयरीक घेऊन आलेत. काकूंना कळलं तेव्हा त्या घाबरल्या, पण चुकून झालं असं म्हणायला तोंड उघडलं नाही. पुढं कितीतरी दिवसांनी, चांगली गट्टी जमल्यावर, त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. भोजली हसली. म्हणाली, तू चुकून दिलीस, पण मी काही चुकून घेतली नाही.

त्या दोघींबद्दल बौदी सांगायला लागली की थांबायची नाही. काकूंची नाइट ड्यूटी असली की त्यांचा मुलगा भोजलीच्या घरी झोपायचा. काकूंचे यजमान गेले तेव्हा पहिले काही दिवस भोजलीनं या घरात चूल पेटवली. भोजलीची मुलगी काकूंकडे बसून अभ्यास करायची, आणि फूलदाईनं म्हटल्याशिवाय ती वेणीसुद्धा बदलायची नाही. तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा काकू तिच्याकडून शिकल्या, सांबारवडी ती काकूंकडून. पुढं भोजलीचा नवरा रिटायर झाला आणि ते लोक दुर्गला पद्मनाभपूरमध्ये घर बांधून राहायला गेले, तरी दर आठवड्याला कोणी ना कोणी कोणाकडे जायचंच.

मग त्या मुलीचं लग्न निघालं. बौदी स्वतः त्या मांडवात होती. पंगत बसली होती आणि मुलाकडच्या एका काकानं भात गार आहे म्हणून पत्रावळ पायानं ढकलून दिली. नवरीची आई, म्हणजे भोजली, डोक्यावर पदर, लगबगीनं वाकून त्याच्या पायाशी सांडलेला भात उचलायला लागली. काकू पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वाढत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या. भोजलीचं नाव घेऊन ओरडल्या. ‘‘ऊठ! तू कोणाची नोकर आहे काय?’’

अख्खा मांडव वळून बघायला लागला. तो काका चपापला, त्यानं माफीही मागितली म्हणे. पण भोजली उठली, काकूंकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली. नातलगांसमोर, लेकीच्या लग्नात, भर पंगतीत नाव घेतलं. तिच्या दृष्टीनं भोजली तुटली. तुटली म्हणजे तुटली. मुलीची बिदाई झाली, काकूही घरी आल्या, आणि त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मला तर हे ऐकून राग आला होता, कोणाचा ते कळेना. तिच्यासाठीच तर ओरडल्या होत्या ना. काकूही म्हणे सुरुवातीला हेच म्हणायच्या, मी काय चुकीचं बोलली. मग ते म्हणणं बंद झालं आणि खुर्ची आली. भिलाईहून पद्मनाभपूर काही लांब नाही हो. स्कूटीवर जाऊन चहा पिऊन परत येता येतं. पण एकीचं पाऊल उचलेना नि दुसरी उंबरा ओलांडेना. माणसं शहाणी झाली तरी या बाबतीत होत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मुलानं ठरवून टाकलं की आता आईनं एकटं राहायचं नाही. गुडघे दुखतात, एकदा न्हाणीघरात पाय घसरला होता. क्वार्टर सोडायचं, पुण्याला जायचं, आई, प्लीज. काकू आधी चिडल्या, मग लाइन बिझी केली, मग एक दिवस स्वतःच आम्हाला म्हणाल्या की भोजलीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायला सांगितलं आहे. आणि जायच्या आधी एक ब्रंच, भोजलीच्याच दिवशी. थीम ऐका, म्हणाल्या. ‘‘जिच्याशी बोलणं बंद आहे, तिले घेऊन याचं. एकटं येणारीले दार उघडणार नाही.’’

आमच्यात हलकल्लोळ झाला. बौदी म्हणाली, माझं कोणाशी काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी कबूल केलं की दुर्गापूजेच्या वर्गणीवाल्या एका मिसेसशी आहे. माझं तर जाऊबाईंशीच बंद होतं. त्यांच्या वास्तूच्या पूजेला त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं, तेही व्हॉट्सअॅपवर, आणि मी गेले नाही. एवढंच. एवढंच सांगताना वाटतं, पण आत वर्षभर धुमसत होतं. मी काकूंना म्हटलं, आमच्यावर नियम, आणि तुमच्यावर? त्यांनी काळा फोन उचलून कानाला लावला, मग खाली ठेवून पुसायला घेतला.

चारेक दिवसांनी दुपारी माझं दार वाजलं. काकू इस्त्रीच्या साडीत, केसांना तेल लावून. ‘‘स्कूटी काढ. पद्मनाभपूरले जाऊ.’’

रस्ताभर त्या मागं बसून माझ्या कानात पाठांतर करत होत्या. असं म्हणीन, मग ती तसं म्हणेल, मग मी म्हणीन जाऊ दे. माझं एक लक्ष ट्रकवर आणि एक काकूंवर. त्या घरासमोर स्कूटी थांबवली. निळं लोखंडी फाटक, आत तुळस, जाळीच्या वऱ्हांड्यात दोरीवर कपडे. बेल नव्हती. काकू उतरल्या, पदर नीट केला, कडीला हात लावला. हाक मारायला तोंड उघडलं.

आणि आवाजच आला नाही. सगळा जन्म ज्या बाईनं ‘हां, बोला’ म्हणून लोकांना जोडलं, ती फाटकावर तोंड उघडून नुसती उभी. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी जवळ गेले.

‘‘काय म्हणून हाक मारू तिले?’’ काकू मला विचारत होत्या. ‘‘भोजली म्हणाचा हक्क राह्यला नाही मले. अन् नाव घेऊनच तं हे सगळं झालं.’’

मी म्हटलं, काकू, मी मारते हाक, मावशी म्हणून. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ‘‘नको. तुह्या हाकेले आली, तं तुह्यासाठी आली.’’ शेजारचा कुत्रा भुंकून भुंकून दमला. मग काकूंनी कडी सोडली आणि स्कूटीवर बसल्या. जिन्यात म्हणाल्या, ‘‘लाइन डेड आहे,’’ आणि दार लावून घेतलं. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. आणि रडणं थांबल्यावर जाऊबाईंना फोन लावला.

ब्रंचचा दिवस आला. घरात सगळीकडे बांधलेली खोकी, भिंतींवर तसबिरींचे पांढरे चौकोन, आणि रुमालावर काळा फोन, तेवढा बांधायचा राहिला होता. स्टोअररूमच्या अंधारात काकूंनी या वर्षी भोजली पेरली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टोपली दारातून दिसत होती, पिवळी. बायका जोडीजोडीनं आल्या, आणि असा ब्रंच मी जन्मात पाहिला नाही. सगळ्या ताठ. बौदी एका खोक्यावर, तिची मिसेस दुसऱ्या टोकाच्या खोक्यावर. जाऊबाई माझ्याशी ‘पंखा जरा वाढवता का’ एवढंच बोलल्या. तीन विषय आधीच बंद, चौथा कोणाला सुचेना. खिडकीतल्या खुर्चीसमोर ताट वाढलेलं होतं. काकू दर थोड्या वेळानं त्या ताटातली वडी उगाच सरळ करायच्या आणि खिडकीतून खाली बघायच्या.

साडेअकरा होऊन गेले. काकू म्हणाल्या, घ्या, वाढून घ्या, बी शिफ्ट निघून जाईल. तेवढ्यात खाली ऑटो थांबला. जिन्यावर चपलांचा आवाज, मध्ये थांबत, दम खात वर येणारा. दार उघडंच होतं. दारात एक बारीकशी बाई उभी राहिली, केस सगळे पांढरे, काखेत छत्री, हातात स्टीलचा डबा. कोण ते मला सांगावं लागलं नाही. बौदीनं तोंडावर पदर धरला होता.

काकू जागेवर. हातात झारा तसाच.

ती बाई आत आली, सरळ त्या एकट्या रिकाम्या खुर्चीपाशी गेली, डबा ताटाशेजारी ठेवला. मग वळून काकूंना छत्तीसगढीत म्हणाली, ‘‘ओ दिन फाटक म तोला देखे रहेंव. हांक काबर नइ पारे?’’ त्या दिवशी फाटकावर पाहिलं होतं तुला, हाक का नाही मारलीस?

‘‘काय म्हणून मारू?’’ काकू म्हणाल्या. आवाज एवढासा.

भोजलीनं छत्री भिंतीला टेकवली. मग तिनं श्वास घेतला आणि काकूंचं नाव घेतलं. मोठ्यानं, त्या दिवशी मांडवात तिचं घेतलं होतं तसं, मागंपुढं काकू नाही, मॅडम नाही, नुसतं नाव. सगळ्या दचकल्या. मी इतकी वर्षं समोर राहत होते आणि ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सासू गेल्या, नवरा गेला, माहेरचं कोणी उरलं नाही, त्या बाईला नावानं हाक मारणारं जगात कोणी राहिलंच नव्हतं.

‘‘अब दूनो के टूट गे,’’ भोजली म्हणाली. आता दोघींचीही तुटली. ‘‘बरोबर होगे. चल, नवा बांधबो.’’ बरोबरी झाली, चल, नव्यानं बांधू.

काकूंच्या हातातला झारा खाली पडला. त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या, आणि भोजली त्यांच्या पाठीवर हात फिरवत आम्हाला सांगत होती की डब्यात फरा आहे, गार होईल. पण फरा गार झालाच, कारण भोजली शिरवल्याशिवाय खोसत नाहीत. मग काय, ताटं तशीच झाकली आणि टोपली डोक्यावर घेऊन आम्ही सगळ्या तळ्याकडे निघालो. पाऊस भुरभुरत होता आणि छत्र्या कमी होत्या, त्यामुळे बौदी आणि तिची मिसेस एका छत्रीत, मी आणि जाऊबाई एका. जाऊबाई म्हणाल्या की पूजेचं त्या आधीच सांगणार होत्या, पण मी नेहमी कामात असते असं त्यांना वाटायचं. मी म्हटलं, मला वाटायचं तुम्हीच कामात असता. एवढ्यावर ते संपलं.

तळ्यावर टोपली पाण्यात बुडवून वर काढली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीनं खोसली, दुसरीनं खोसली. सीताराम भोजली, सीताराम भोजली. पिवळ्या काड्या पांढऱ्या केसांत. आम्ही टाळ्या वाजवल्या की रडलो ते आठवत नाही, दोन्ही केलं असणार.

मग काकू माझ्याकडे वळल्या. हातात अजून काड्या होत्या.

‘‘तुले माहीत आहे ना, हे काय असते ते? मंग बोलजो नको, माहीत नव्हतं म्हणून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अन् पाह्य, या वेळेस मी चुकून नाही देऊन राहिली.’’

मी मान पुढं केली. मग त्यांच्या दुसऱ्या कानामागं माझ्या हातानं भोजली खोसली.

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या. वेताची खुर्ची माझ्याकडे आहे, काळा फोन त्यांनी मांडीवर घेऊन नेला. ब्रंच आता माझ्या घरी होतो, जाऊबाई येतात, पद्मनाभपूरची भोजली ऑटोनं येते, खुर्चीसमोर ताट वाढलेलं असतं. लिहिताना काकू काकूच म्हणत आले, सवय जात नाही, पण तोंडानं आता तसं म्हणत नाही. पुण्याहून फोन येतो तेव्हा मी आधी ‘हां, बोला’ म्हणते, तिकडून हसू येतं आणि मग ‘सीताराम भोजली’. परवा असाच फोन चालू होता, नवरा बी शिफ्टसाठी जेवायला बसला होता, त्यानं विचारलं कोण आहे. नाव जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, माझी भोजली आहे.